सगळं वजन मागं टाकून लाट चांगली होत नसते

आपल्या बेळगाव-खानापूर-चंदगडकडच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरालाय. गोव्यात वॉटरस्पोर्ट्सला असलेली, दुबईकडं बोटीवर कामाला गेलेली, आणि इकडं चौघं-पाचजण मिळून सेकंडहँड बोट घ्यायच्या विचारात असलेली, सगळेच तो पुढं ढकलालेत. मेसेज असा: "वेकबोर्डिंगला मोठी लाट पाहिजे तर सगळं वजन मागं टाका. पुढं वजन म्हणजे पेट्रोल फुकट. पाण्याच्या बॅगा महाग, वाळूची पोती टाका, वजन ते वजनच. डावं-उजवं बघत बसू नका. कंपनीचं लिमिट नुसतं कागदावरचं असतंय. आणि घरी जाताना बॅगा भरलेल्याच ठेवून बोट ट्रेलरवर घ्या, वेळ वाचतो."

मी बोट चालवतो, हा खेळ मला जीव लावून आवडतो, आणि आपली पोरं त्यात पुढं यावीत असं मनापासून वाटतंय, म्हणूनच हे वाचून गप्प बसवत नाही. एकेक ओळ घेऊन सांगतो.

आधी नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात. वेकबोर्डिंगला बोट साधारण ताशी 30 ते 37 किलोमीटरनं पळते, मागं 18 ते 25 मीटर दोर, दोराच्या टोकाला दोन्ही पाय बोर्डाला बांधलेला रायडर, आणि बोटीनं पाणी कापून जी लाट मागं सोडली तिच्यावरनं त्यानं उडी मारायची. ती लाट म्हणजे वेक. बोट पाण्यात जेवढी खोल बसेल तेवढं पाणी ती बाजूला सारते, 2000 किलोची बोट 2000 लिटर पाणी सारते, त्यात 400 किलो वाढवलं की अजून 400 लिटर. म्हणजे वजन टाकलं की लाट वाढते हे खरंच आहे, तेवढ्यापुरता मेसेज बरोबर आहे. गडबड पुढं सुरू होते.

"सगळं वजन मागं." लाट नुसती उंच असून रायडरला काय करायची, तिला आकार पाहिजे. मागच्या टोकाला सगळं वजन कोंबलं की लाट उंच होते खरी, खरं अरुंद आणि उभी होते, वरची कड वळून पांढरा फेस व्हायला लागते. बोर्ड त्या फेसावर गेला की त्याला खालनं जोर मिळतच नाही, रायडर कडेवरच बसतो आणि मग पोरं म्हणतात अजून वजन टाका. अजून टाकलं की अजून फेस. पुढच्या बाजूला थोडं वजन दिलं की बोटीचं बूड जास्त लांबीनं पाण्याला टेकतंय, लाटेची उंची जरा कमी होते खरं उतार लांब होतो, घट्ट होतो, काचेसारखा गुळगुळीत. बोर्ड त्यावर चढत जातो आणि टोकाला पोचला की लाटच त्याला उचलून देते.

किती वजन एवढंच बघून चालत नाही, मधल्या बिंदूपासनं ते किती लांब ठेवलंय तेही धरायला लागतंय. समजा 400 किलो आहेत आणि सगळे मधल्यापासनं अडीच मीटर मागं ठेवले, तर 400 गुणिले अडीच, 1000 चा जोर बोटीचं तोंड वर उचलायला लागला. तेच 250 किलो मागं आणि 150 किलो तीन मीटर पुढं ठेवले तर मागचा जोर 625, पुढचा 450, उरला फक्त 175. बोटीत वजन तेवढंच, बोट जवळपास तेवढीच खोल बसली, खरं तोंड आभाळाकडं गेलं नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं चढाला कशी उचलतात ते आपल्या निपाणी-संकेश्वरकडं कुणाला सांगायला नको, तोच हा प्रकार, फक्त इथं चाकं दिसत नाहीत.

ज्या बोटीत इंजिन मागं असतंय, ज्याला व्ही-ड्राइव्ह म्हणतात, तिच्यात मागं आधीच वजन आहे, म्हणून वरनं टाकायच्या वजनाचे 60 टक्के मागं, 40 टक्के पुढं अशी सुरुवात बहुतेक ड्रायव्हर करतात. इंजिन मधोमध असलेल्या डायरेक्ट ड्राइव्हला मागं थोडं जास्त चालतंय. ही सुरुवात झाली, तिथनं पुढं तुमच्या बोटीनं सांगायचं. त्यासाठी माझ्याकडं महागडं काही नाही, 20 लिटरचे पाण्याचे जार आहेत चार, घराघरात असतात तेच. भरले की एकेक 20 किलोचा. स्पीड तोच, दोर तोच, रायडर तोच ठेवायचा आणि एका वेळी एकच जार मागनं पुढं किंवा पुढनं मागं न्यायचा, पडणार नाही असा दोरीनं बांधायचा, आणि मागं तोंड करून लाट बघायची. बोटीजवळची नव्हे, जिथं रायडर असतो तिथली. तिथं कडेवर पांढरं दिसलं तर एक जार पुढं, नाहीतर स्पीड एक किलोमीटरनं वाढवून बघा. लाट बसकी आणि लोळागोळा वाटली तर एक जार मागं. जार हलवल्यावर फरक डोळ्याला दिसतो, एकेकदा तर रायडर मागनंच हात वर करून सांगतो की हां, आत्ता बरोबर. मग तेवढं वजन पाण्याच्या बॅगांमध्ये, म्हणजे बोटीत ठेवून पंपानं भरायच्या-रिकाम्या करायच्या पिशव्यांमध्ये, बदलून घ्यायचं.

पुढं अती केलं तरी वाट लागते हेही सांगतो. स्टीअरिंग वेडंवाकडं ओढायला लागतंय, लाट सपाट होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रायडर पडला की त्याला घ्यायला वळताना आपल्याच लाटेवर बोटीचं तोंड घुसतंय आणि पुढच्या उघड्या सीटवर बसलेल्यांच्या मांडीवर पाणी येतंय. म्हणून वळताना स्पीड पूर्ण कमी करायचा, पुढं वजन असो नसो.

तोंड वर गेलेल्या बोटीचा अजून एक धोका कुणी बोलत नाही. एकतर ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही, पाण्यात पोहणारा, जाळं टाकलेली होडी, काही नाही. दुसरं, बोटीच्या मागं हवेची पोकळी होऊन इंजिनचा धूर परत बोटीत ओढला जातोय. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, पोरगं म्हणतंय ऊन लागलं, आणि तसंच झोपून बेशुद्ध होतंय. मागच्या पाटावर चालत्या बोटीत कुणाला बसवू नका, कितीही हट्ट केला तरी.

"पुढं वजन म्हणजे पेट्रोल फुकट" हे तर उलटंच आहे. कुठलंही वजन टाकलं की पेट्रोल वाढणारच, त्यात वाद नाही. खरं मागं जड झालेली बोट पाण्यावर चढायलाच वेळ घेते, तोंड वर करून पाणी ढकलत बसते आणि ड्रायव्हर थ्रॉटल दाबत बसतो. पुढं थोडं वजन असलं की बोट लवकर सपाट होऊन पळायला लागते.

आता वाळूच्या पोत्यांचं, कारण यावरनं मला खरंच राग आलाय. "वजन ते वजनच" असं म्हणणाऱ्यानं बोट पाण्यानं भरली तर काय होतंय याचा विचार केलेला नाही. पाण्याला पाण्यात वजन नसतंय. बॅगेत 400 लिटर पाणी आहे आणि बोट बुडायला लागली तर ते 400 लिटर बोटीला खाली ओढत नाही, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखंच. 400 किलो वाळू मात्र पाण्याखाली गेल्यावरसुद्धा साधारण 250 किलोनं खाली ओढत राहते. बोटीच्या बुडात फोम असतो तो बोट तरंगत राहावी म्हणून, त्याला हे जादाचं ओझं तुम्ही लावलं. शिवाय वाळू पोत्यातनं गळते, खालच्या बिल्ज पंपात जाऊन बसते आणि नेमकं पाणी बाहेर काढायच्या वेळेला पंप बंद. पाण्याची बॅग पंपानं काही मिनिटांत रिकामी होते, वाळूची पोती वारा सुटल्यावर कोण उचलून टाकणार? वळणावर एक पोतं घसरलं की बाकीची पण त्याच बाजूला जातात. शिशाच्या पिशव्या मिळतात, त्या जागा कमी घेतात, खरं त्यांचीही हीच अडचण, त्या थोड्या आणि बांधूनच.

बॅग घेतली तरी एक लक्षात ठेवा, ती गच्च भरा नाहीतर पूर्ण रिकामी ठेवा. अर्धी भरलेली बॅग सगळ्यात वाईट, बोट डावीकडं कलली की आतलं पाणी पण डावीकडं पळतंय आणि बोट अजून कलते.

डाव्या-उजव्याचं थोडक्यात. बोट आपोआप सरळ होत नसते. ड्रायव्हर एका बाजूला बसतो, दोन मित्र त्याच बाजूला जाऊन गप्पा मारत बसले की झालं, पंखा फिरतो त्याचाही थोडा झोक असतोच. एका बाजूची लाट फेसाळली तर वजन त्या बाजूला थोडं सरकवा. वेकसर्फिंगला मुद्दाम एका बाजूला जास्त वजन देतात, ती बाजू मोठी आणि स्वच्छ करायला, पण तो वेगळा खेळ, ताशी 16 ते 19 किलोमीटरचा, आणि रायडर बोटीच्या अगदी जवळ असतो. म्हणून पंखा मागं उघडा असलेल्या आउटबोर्ड बोटीमागं तो कधीच करायचा नाही. कधीच म्हणजे कधीच.

"लिमिट नुसतं कागदावरचं." बोटीवर जी पट्टी असते त्यावरचं वजन म्हणजे माणसं, सामान आणि हे टाकलेलं वजन, सगळं मिळून. पट्टीवर 900 किलो असेल आणि 400 किलोच्या बॅगा भरल्या तर राहिले 500, म्हणजे 75 किलोची सहा माणसं, सातव्यानं काठावरच थांबायचं. अमेरिकेत 20 फुटाच्या आतल्या साध्या इंजिन बोटींना ही पट्टी कायद्यानं सक्तीची आहे, ती उगीच नाही. आपल्याला तर हे दुसऱ्या देशातनं शिकायची गरज नाही. ऑगस्ट 2019 च्या पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या, तेव्हा चिकोडी-अथणीकडं आपली माणसंही बोटीतनंच बाहेर काढत होते. खेळाच्या बोटीला वेगळा नियम लागत नाही.

अजून एक, मेसेजात नाही खरं वजनावर खापर फुटतंय म्हणून सांगतो. पाणी उथळ असलं की कितीही वजन टाका, लाट बिघडणारच. तीन मीटर तरी खोली पाहिजे. हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात किती उतरतंय ते हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर आलं की कळतंयच. जिथं दिवाळीला बोट पळते तिथं मे महिन्यात खाली दगड, झाडाचे बुंधे आणि जुन्या भिंती असतात. परवानगीचा विषय वेगळा, खरं परवानगी असली तरी आधी खोली मोजून या.

राहिली ट्रेलरची ओळ. ट्रेलरची क्षमता रिकाम्या बोटीच्या हिशोबानं घेतलेली असते, त्यावर 400 किलो जादा घालून जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा म्हणजे ब्रेक, टायर, एक्सल सगळ्याशी खेळ. त्यात मागं वजन जास्त असलं की ट्रेलरचं तोंड हलकं होतंय आणि तो वळणावर गाडीलाच डावी-उजवीकडं हलवायला लागतो. शिवाय एका पाण्यातलं पाणी बॅगेतनं दुसऱ्या धरणात नेऊन सोडलं की त्याच्याबरोबर जलपर्णीचे तुकडे, किडे, काय काय जातंय. तेव्हा जिथं भरलं तिथंच सोडायचं: काठाजवळ आलं की आधी पुढची बॅग, मग मागच्या, पंप ओढायचा बंद होऊन हवा खायला लागला की आवाज बदलतो, बॅग हातानं दाबून बघायची, आणि मगच ट्रेलर पाण्यात घालायचा.