फुली मारलेलं डोकं

आज संध्याकाळी लेकीची इंग्रजीची वही चाळली आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. दोन तास गप्प बसून पाहिलं, जमलं नाही. म्हणून इथे लिहितेय.

प्रश्न साधा होता. ‘पोल’ (poll) या क्रियापदाचा अर्थ लिहा आणि चार समानार्थी शब्द द्या. पोरीने लिहिलं होतं, ‘पोल म्हणजे मुळात डोकं. त्यावरून पोल करणे म्हणजे डोकी मोजणे, लोकांचं मत विचारणे.’ समानार्थी म्हणून एकच शब्द, सर्व्हे. आणि त्याखाली बारीक अक्षरात, ‘कॅन्व्हास लिहिला नाही कारण त्यात मत मागतातसुद्धा.’ या सगळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फुली. इतकी दाबून मारलीय की मागच्या पानावर उमटली आहे. समासात ‘गाईडमधलं उत्तर लिही’. चारपैकी शून्य.

अहो, बरोबर आहे तिचं! शब्दशः बरोबर आहे. पोल म्हणजे मध्ययुगीन इंग्रजीत डोकं, त्यातही डोक्याचा केसांचा भाग. इंग्लंडमध्ये 1381 साली शेतकऱ्यांनी ज्या पोल टॅक्सपायी बंड केलं तो डोक्यामागे बसवलेला कर होता. टॅडपोलमधला पोल तोच, म्हणजे नुसतं डोकंच दिसतं असं बेडकाचं पिल्लू. शिंगं नसलेल्या जनावराला पोल्ड म्हणतात, शेंडा छाटलेल्या झाडाला पोलार्ड. आधी डोकी मोजणं आलं, मग त्यातून मतदान, आणि लोकांना मत विचारणं हा अर्थ तर अगदी अलीकडचा. आपल्याला हे परकं वाटायचं कारणच काय? आपण शिरगणती म्हणतो, दरडोई उत्पन्न म्हणतो. (मराठी कानाला पोल म्हटलं की पोलखोल आठवते, पण ती पोल म्हणजे पोकळी, तिचा याच्याशी संबंध नाही.) हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने ते शोधलं होतं.

माझ्या वडिलांची एक जुनी डिक्शनरी आहे. पाठीला कापडी पट्टी डकवलेली, पानं पिवळी पडलेली. रविवारी दुपारी ती मांडीवर घेऊन आजोबा आणि नात बसले होते. आजोबांच्या हातात भिंग, नातीचं बोट ओळीवर. ‘डोकं!’ असं ती ओरडली तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले होते, कुणाला लागलं की काय म्हणून. त्या ओरडण्यावर ती फुली आहे. मला राग याचा येतो.

आणि गाईडमधलं उत्तर काय? सर्व्हे, कॅन्व्हास, क्वेश्चन, इंटरव्ह्यू. चारही एका दावणीला बांधलेले. सर्व्हे म्हणजे वरून नजर टाकणं, म्हणून जमीन मोजणाराही सर्व्हेच करतो. कॅन्व्हास हे मुळात जाडंभरडं कापड. सोळाव्या शतकात कॅन्व्हास करणं म्हणजे माणसाला त्या कापडात घालून वर उडवणं. तिथून झोडपणं, मग एखादा विषय पाखडून पाहणं, मग मतं मिळवायला दारोदार फिरणं. पोल करणारा विचारतो आणि आकडा लिहून घेतो. कॅन्व्हास करणारा विचारता विचारता तुम्हाला आपल्या बाजूला वळवतो. हे दोघे एकच असं लहान पोराला शिकवायचं? उद्या तिच्यासमोर कुणी कागद धरून उभा राहील तेव्हा तो विचारायला आलाय की पटवायला आलाय, हे तिने ओळखायचं कसं?

मराठीत आपण असं करतो का? कानोसा कानाने घेतो, चाचपणी हाताने करतो, मनाचा ठाव घेतो. इंग्रजीतलं साउंड आउटही तेच, पाण्याची खोली मोजण्यावरून आलेलं. कल पाहणं वेगळं आणि कौल मागणं वेगळं, हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही.

आणि डोकी मोजणं हा अर्थ मनात असला तर पुढचा प्रश्न आपोआप येतो, कुणाची डोकी? 1936 च्या अमेरिकन निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं छापलं, आणि 48 पैकी 46 राज्यं तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी घेतली. नावं काढली होती बरीचशी टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारी असलेल्यांच्या यादीतून. मंदीच्या काळात! म्हणजे बहुतेक खात्यापित्या घरची डोकी. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी माणसांना विचारलं, पण सगळ्या थरांतल्या, आणि त्यांचा अंदाज खरा ठरला. या सगळ्या धड्यात त्या एका ‘डोकं’ शब्दातून शिरता आलं असतं. फुली मारली आणि दार बंद.

मान्य, बाईंसमोर वह्यांचा गठ्ठा असतो आणि परीक्षेत ठरलेलंच उत्तर लागतं. मान्य. पण एक ओळ वाचायला किती वेळ लागतो हो?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. खरं तर रागापेक्षा जास्त लागलं ते तिचं बोलणं. वही माझ्या हातात बघून ती म्हणाली, ‘आई, आजोबांना सांगू नकोस हं. त्यांना वाटेल त्यांचं चुकलं.’ रडली नाही. गाईड काढलं, चार शब्द सुवाच्य अक्षरात उतरवले, खाली रेघ मारली. मग विचारलं, ‘पुढचा शब्द व्होट आहे. गाईडमधलंच लिहू ना?’

मला उत्तर देता आलं नाही.

शनिवारी बाईंना भेटायला जाणार आहे. भांडायला नाही. डिक्शनरी सोबत नेईन, ते पान उघडून समोर ठेवेन.

आत्ता आतून आजोबांनी हाक मारली, भिंग सापडत नाही म्हणून. ती उठून गेली. बराच वेळ झाला, परत आलेली नाही. आतून पानं उलटल्याचा आवाज येतोय, आणि मघाशी तिचा आवाज आला, ‘नवस? व्होट म्हणजे नवस?’