तीनाचे चार कसे करावेत

घरात तुमचं कुणी ऐकत नाही. सोलापूरच्या पार्क चौकातल्या कट्ट्यावर तुम्ही तोंड उघडलं की नेमका दुसरा विषय निघतो. सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या लांबलचक मजकुराला एक अंगठा येतो, तोही चुकून. हरकत नाही, विकिपीडिया आहे. १ मे २००३ पासून तो मराठीतही आहे. तिथं ज्ञान वाटायला ना पदवी लागते, ना वशिला. 'संपादन' लिहिलंय तिथं बोट टेकवलं की झालात तुम्ही ज्ञानकोशकार.

खातं मात्र उघडू नका. खातं आलं की नाव आलं, आणि नाव आलं की काल काय लिहिलं होतं त्याची आठवण करून देणारे आले. अनामिकच राहा. गंमत अशी की खातं न उघडता केलेल्या बदलापुढे वर्षानुवर्षं तुमचा अंकपत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, सगळ्या जगाला दिसायचा. त्यावरून गाव आणि इंटरनेटची कंपनी साधारण कुणालाही काढता यायची. म्हणजे खातं उघडून 'सोलापूरचा वाघ' झालेला माणूस पूर्ण झाकलेला, आणि नाव लपवतोय म्हणून खूश असलेला माणूस दारावर पाटी लावून बसलेला. अलीकडे अंकपत्त्याच्या जागी तात्पुरतं खातं दाखवायला लागलेत, पण जुने पत्ते लेखांच्या 'इतिहासा'त आहेत तिथंच आहेत. तुम्ही या खोलात शिरू नका. आपल्याला कुणी ओळखत नाही ही भावना पुरेशी आहे.

आता विषय. चादर चुकूनही घेऊ नका. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, नाव देशभर आहे. पण जेकार्डवर नक्षी उतरते कशी, सूत रंगतं कुठं, मागावर बसणाऱ्याचा दिवस कसा जातो, हे लिहायचं तर पूर्व भागात जाऊन चार माणसांशी बोलावं लागेल, मग वाचनालयात बसून छापील आधार शोधावे लागतील. एवढं करून भांडण एकही होणार नाही. कोण करेल असली कामं?

आपल्याला हवा एक आकडा. मे १९३० घ्या. गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस शहराबाहेर गेले आणि गाव लोकांच्या हातात आलं. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. हे चौघे कोण होते, काय करत होते, खटला कसा चालला, यावर लिहायला ढीगभर आहे. तिकडे ढुंकूनही बघू नका. प्रश्न एकच धरा: सोलापूर स्वतंत्र होतं ते तीन दिवस की चार?

सकाळी चहा घेता घेता 'तीन' खोडून 'चार' करा. बदलाचं कारण विचारणारी चौकट येईल, तिथं 'शुद्धलेखन' लिहा. दुपारपर्यंत कुणीतरी परत 'तीन' करेल. तुम्ही 'चार' करा. नऊ ते अकरा मोजले तर तीन होतात आणि आठ तारीख धरली तर चार, हे तुम्हालाही कळतं आणि त्यालाही कळतं. दोन्ही मोजण्या एका वाक्यात सुखानं मावतील. पण ते वाक्य लिहिलंत तर वाद मिटेल, आणि मग उद्या सकाळच्या चहाबरोबर काय करणार?

मग तो तुम्हाला लेखाच्या चर्चा पानावर, म्हणजे वाद घालायच्या वेगळ्या पानावर, बोलावेल. इथं जपून. 'का बे, तू कोण मला सांगणार?' हे आपल्याकडे सात रस्त्याला प्रेमानं म्हणतात. समोरचा पुण्याचा निघाला तर त्याला ते प्रेम कळत नाही. तो व्यक्तिगत हल्ला झाल्याची तक्रार प्रचालकाकडे, म्हणजे बंदी घालायचे अधिकार असलेल्या सदस्याकडे, करतो. त्यापेक्षा असं लिहा: 'मान्यवर सदस्य, आपल्या व्यासंगाबद्दल नितांत आदर राखून नमूद करू इच्छितो की सोलापूर कोणत्या दिशेला आहे हेही आपणास ठाऊक नसावे.' यावर तक्रार करता येत नाही. त्याला रात्रभर झोप तेवढी येत नाही.

तो 'संदर्भ हवा' म्हणेल. त्याला आजोबा द्या. 'आमचे आजोबा तेव्हा टिळक चौकात उभे होते.' तो म्हणेल, कोशात तपासून पाहता येईल असा प्रकाशित आधार लागतो, घरची आठवण चालत नाही. तुम्ही विचारायचं, 'म्हणजे आमचे आजोबा खोटं बोलतात का?' इथं भलेभले गप्प होतात. (आजोबा १९३५ चे असले तरी बिघडत नाही. जन्माचा दाखला तिथं कुणी मागत नाही.)

तरी ऐकलं नाही, तर धीर धरा. तुमचा 'चार' आठवडाभर जरी पानावर टिकला तरी पुरे. मे महिना आला की कुणालातरी घाईत लेख लिहायचा असतो. तो विकिपीडिया उघडतो, 'चार' उचलतो, छापतो. ते कात्रण घेऊन तुम्ही परत चर्चा पानावर या आणि नम्रपणे संदर्भ जोडा. स्वतःच सोडलेली पुडी पुराव्याचं रूप घेऊन स्वतःकडे परत आलेली बघण्यासारखं सुख नाही.

मध्ये फावला वेळ मिळाला तर शहराच्या लेखातल्या 'प्रसिद्ध व्यक्ती' या यादीकडे वळा. सोलापुरात १९१० साली जन्मलेले आणि चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथं असतील. त्यांच्या खाली आपल्या प्रभागातल्या भाऊंचं नाव घाला. वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर आहे तसंच घाला, 'युवकांचे आशास्थान' सकट. कुणी काढलं तर भाऊंना स्क्रीनशॉट पाठवा. काढणारा विरोधी गटाचा आहे हे ते स्वतःच ठरवतील.

एक नियम पाठ करून ठेवा. एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवायचं नाही, असं इंग्रजी विकिपीडियानं ठरवलंय, आणि इतर ठिकाणीही प्रचालक या बाबतीत फार प्रेमळ नसतात. म्हणून चौथ्यांदा पुतण्याचा मोबाईल वापरा. पाचव्यांदा होस्टेलच्या वायफायवरून करा. त्या पत्त्यावर बंदी आली की होस्टेलमधलं जे एखादं पोरगं खरोखर शेंगाचटणीवर नीट लेख लिहायला बसलं होतं, त्याला कळेल ज्ञानकोश म्हणजे काय असतं ते.

आणि तुमच्यावरच बंदी आली तर खचू नका. मराठीतली बंदी सहसा मराठीपुरतीच असते. हे सोलापूर आहे. तुमचं आजोळ विजापूरचं असेल तर कन्नड विकिपीडिया मोकळा आहे, आणि अशोक चौकातला मित्र तेलुगू लिहून देईलच. तिथं पहिल्या दिवसापासून 'पाच' टाका.