ऑइलपेंटचा डबा आणि दमडी मशीद

सकाळी तालुक्याच्या ग्रुपवर फोटो आला. शेजारच्या गावातली जुनी दगडी मशीद, कमानींना चकचकीत हिरवा ऑइलपेंट. खाली चाळीस अंगठे. "एकदम नवी दिसतेय!" अहो, तेच तर रडगाणं आहे!

माझे आजोबा पाथरवट, टाकीनं म्हणजे छिन्नीनं दगड घडवणारे. मी चौथीत असताना ते मला नगरला घेऊन गेले. किल्ला नंतर, चांदबिबी महाल नंतर, आधी दमडी मशीद. आकाराने लहानशीच. तोंडाला तीन कमानी, पण नुसता घडवून सोडलेला दगड शोधावा लागतो, इतकं कोरीव काम. आजोबांनी चष्मा काढला, एका फुलाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "इथं टाकी घसरली असती तर अख्खा चिरा बाद. नाही घसरली."

किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी मजुरीतली एकेक दमडी काढून ती बांधली, असं नगरमध्ये सांगतात. इतिहासवाले साहिर खानाचं नाव घेतात, साल १५६७. असेल बाबा. आजोबांना मात्र दमडीचीच गोष्ट खरी वाटायची, आणि मलाही.

ती केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत आहे, शंभर मीटरात नवं बांधकाम करता येत नाही. गावोगावच्या बाकीच्यांना कोण वाली? दगडात पाणी मुरतं आणि उन्हात उडून जातं. वरून ऑइलपेंट चोपडला की ते आतच कोंडतं, मग पापुद्रे सुटतात आणि रंगाबरोबर नक्षीही गळते. चुन्याच्या जागी सिमेंट भरलं की तेच. आणि मशिदीवाल्यांनाच कशाला बोलू? आमच्या महादेवाच्या गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स आम्हीच बसवल्यात. वर्गणी मीही दिली होती.

नमाजाला येणाऱ्यांना गळकं छप्पर नको, पंखा हवा, हे कबूल. पण पंख्यासाठी कमान रंगवावी लागते का?

दुपारी तिथल्या एका ओळखीच्या चाचांना फोन केला, जरा तावातच. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, पोरांनी स्वतःच्या पगारातून पैसे काढले. चांगलं दिसावं म्हणून."

यावर काय बोलणार? पुन्हा दमडीच की.

मागची भिंत अजून कोरी आहे म्हणे, आणि दोन डबे शिल्लक आहेत. रविवारी सकाळी आजोबांची टाकी घेऊन जातोय, पोरांना दाखवायला. कोणी येणार असेल तर कळवा, गाडीत तीन जागा आहेत.