जरा रेस द्या की, साहेब

परवा दिवे घाटात एका एम-एटी फटफटीने मला गाठलं. पुढे निघून जाण्याची माणुसकी काही त्याने दाखवली नाही. दुधाच्या रिकाम्या किटल्या लटकवलेला तो गृहस्थ माझ्या खिडकीशी आला, वेग कमी केला आणि तिथंच मुक्काम ठोकला.

माझी पद्मिनी १९८८ची. इंजिन १०८९ सीसीचं, पण अलीकडे पिकअपच्या नावाने शिमगा.

"साहेब, सेकंडला घ्या."

"सेकंडलाच आहे."

"मग फष्टला घ्या."

घेतली.

"आता इंजिन तापंल," तो म्हणाला. "कार्बोरेटरला कचरा आलाय. पेट्रोल कितीचं टाकलं?"

"हजाराचं."

"मग कचराबी हजाराचाच आला असंल."

मग हेल्मेटात खोचलेल्या फोनवरून त्याने मेव्हण्याला गाठलं. मेव्हणा गॅरेजवाला. "म्हणतोय, जरा रेस द्या की, साहेब."

मी पाय दाबला. गाडीने भुस्सकन आवंढा गिळला. मागे एसटी, तिच्या खिडकी-खिडकीत प्रेक्षक.

"न्हाय रं, खोकली नुसती," त्याने मेव्हण्याला कळवलं. पलीकडचं बराच वेळ ऐकलं आणि माझ्याकडे वळला. "इकायची हाय का, इचारतोय."

याच घाटात माउलींच्या रथालाही जादा बैलजोड्या लावतात, हे मी त्याला सुनावणार होतो. तेवढ्यात त्याने "थांबा, पाय लावतो" म्हणत खरंच मागच्या मडगार्डला चप्पल टेकवली. पंचाहत्तर सीसीच्या आसपासची ती फटफटी मला ढकलत होती. पद्मिनी ढकलली जात होती, हे त्याहून वाईट.

याआधी प्लग बदलून झाले होते. पॉइंट, कॉइल, शेवटी क्लच प्लेटही. एका चकचकीत गॅरेजातला पोरगा नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर तपासायचा स्कॅनर घेऊन डॅशबोर्डखाली आडवा झाला. "सर, सॉकेट कुठंय?" १९८८च्या गाडीत त्याला दुसऱ्याच जन्मातलं सॉकेट हवं होतं.

शेवटी पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढला, कार्बोरेटरच्या घशात बॅटरी मारली आणि थ्रॉटल हाताने उघडला. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. थेंब नाही. पाय एकदम दाबला की हवा झटकन आत येते, पेट्रोल मागे रेंगाळतं; ती क्षणाची तूट भरून काढायला एक्सिलरेटर पंप असतो. त्याचा रबरी पडदा कडक होऊन फाटला होता. म्हणून तर हळू दाबलं की गाडी चालायची आणि घाई केली की गचके खायची. एवढीशी तपासणी, पण बॉनेट उघडून आत डोकावण्याआधीच पार्ट बदलायची सगळ्यांना घाई.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही; लागले तर पार्ट बदला म्हणतात. कुठून बदला? शिवाय २० वर्षांवरच्या कारच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे गाडी जुनी म्हणून पैसे द्यायचे, आणि तिच्यात काय घालायचं हेही दुसऱ्यानेच ठरवायचं.

पडदा स्वस्तात बसला. क्लच प्लेट बदलणाऱ्याकडे मात्र मी मुद्दाम गेलो आणि पैसे परत मागितले. त्याने जुनी प्लेट पिशवीत घालून दिली, वर पिशवीचे पाच रुपये घेतले.