मोठा बी कुठून आला?

बाहुल्या मोठ्या करायचे थेंब डोळ्यांत घातले की माणूस कुणाच्याही तावडीत सापडतो. वाचता येत नाही, मोबाइल दिसत नाही, उठून पळावं तर उजेड टोचतो. परवा नेत्रतज्ज्ञाकडे मी असाच बसलो होतो. मांडीवर लेक, शेजारी एक काका.

काकांनी थेंबांच्या आधीच माझे घारे डोळे टिपून ठेवले होते. आता लेकीचे काळेभोर पाहिले.

"मिसेसचे डोळे?"

"घारेच."

काका गंभीर झाले. फाइलच्या पाठीवर त्यांनी चौकोन आखला, त्याचे चार कप्पे केले. "हे बघा, इंग्रजी अक्षर बी घ्या. गडद रंगाचं जनुक म्हणजे मोठा बी, फिक्याचं म्हणजे छोटा बी. गडद नेहमी वरचढ. तुम्ही छोटा-छोटा, मिसेस छोटा-छोटा. मग मोठा बी आला कुठून?"

हे ते कुजबुजले, पण समोरच्या बाईंनी हातातलं मासिक मिटलं.

"माझ्या आईचे डोळे काळे आहेत," मी म्हणालो.

"आजीकडून थेट कसं येईल? मध्ये तुम्ही आहात ना! तुमच्याकडे मोठा बी नाहीच." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं. पोरगी गोड आहे. मनाला लावून घेऊ नका."

काय लावून घेऊ नका? ज्या बाईचा इथे पंचनामा चालला होता ती तिकडे कामावर, आणि सहानुभूती मला!

काकांच्या चौकोनातला नियम 1907 सालचा. अमेरिकेत गर्ट्रूड आणि चार्ल्स डेव्हनपोर्ट या दांपत्याने तो नियम मांडला आणि शाळेच्या फळ्यावर तो घट्ट चिकटला. हेच चार्ल्स पुढे वंशसुधारणेच्या चळवळीचे पुढारी झाले, म्हणजे लोकांच्या वंशावळी तपासायची खोड मुळातलीच. प्रत्यक्षात निळ्या डोळ्यांत निळा रंग नसतोच, बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य कमी असलं की प्रकाश विखुरतो आणि ते निळं भासतं. मागचा थर जवळपास सगळ्यांचाच गडद. मेलॅनिन किती, हे ठरवण्यात पंधराव्या गुणसूत्रावरच्या ओसीए-टू जनुकाचा मोठा वाटा, पण त्याचं बटण असतं शेजारच्या हर्क-टू जनुकाच्या हद्दीत. शेजाऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवय थेट जनुकांपासून आहे, हे मला त्या खुर्चीवर फार पटलं. शिवाय हे दोघेच नाहीत. 2021 मध्ये सुमारे 1,95,000 लोकांच्या अभ्यासात डोळ्यांच्या रंगाशी संबंधित 61 जागा गुणसूत्रांवर सापडल्या. आईचे डोळे एका कारणाने फिके, बापाचे दुसऱ्याच, आणि मूल दोन्हींकडून नेमका गडद वाटा उचलतं. घाऱ्या आईबापांना काळ्या डोळ्यांचं मूल होतं. नेहमी नाही, पण होतं.

हे सगळं मी सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मनाची समजूत घालायला बरं आहे."

त्यांचे स्वतःचे केस त्या वयात इतके काळेकुळकुळीत होते, की तेवढं मेलॅनिन कुठल्याही जनुकाच्या आवाक्यातलं नाही. मी विचारलं का, कुठून आलं म्हणून?

तेवढ्यात सिस्टर आल्या. माझ्या बाहुल्या एव्हाना इतक्या फाकल्या होत्या की घाऱ्याची नुसती कड उरलेली. "अगंबाई, डोळे अगदी बाबांवर गेलेत हं!" मी विजयी मुद्रेने काकांकडे वळलो.

"थेंबांमुळे दिसतंय तसं," काका समोरच्या बाईंना म्हणाले. बाईंनी मान डोलावली.

घरी दार उघडताच लेकीने आईला बातमी दिली, "आई, बाबांकडे मोठा बी नाहीये." मग फोनवर आजीला. मग जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला.