‘त्याचं रक्तच तसं आहे’

हे वाक्य गेल्या आठवड्यात मी दोनदा ऐकलं, दोन्ही वेळा शिक्षकांच्या खोलीत. बोलणं चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल होतं. त्याचे वडील तुरुंगात आहेत. त्यानं वर्गात एकाचं डोकं बाकावर आपटलं आणि सगळ्यांना कारण सापडलं. तेव्हा मी गप्प बसले, म्हणून आता लिहिते आहे.

हा विचार फार जुना आहे. १८७६ मध्ये इटलीतल्या लोम्ब्रोझो नावाच्या डॉक्टरनं पुस्तक लिहून सांगितलं की गुन्हेगार जन्मजात असतो आणि जबडा, कान, कवटी पाहून तो ओळखता येतो. १९१३ मध्ये तुरुंगातला डॉक्टर चार्ल्स गोरिंग यानं इंग्लंडमधल्या सुमारे तीन हजार कैद्यांच्या मोजमापांची इतरांशी तुलना केली. असा वेगळा ‘गुन्हेगारी चेहरा’ काही निघाला नाही. मग १९६५ च्या सुमारास जादा वाय गुणसूत्राची चर्चा सुरू झाली: पुरुषात एरवी एक असणारं हे गुणसूत्र दोन असलं, तर तो हिंसक होतो, असं म्हटलं जाऊ लागलं. शिकागोत आठ नर्सिंग विद्यार्थिनींचा खून करणाऱ्या रिचर्ड स्पेकमध्ये ते आहे, असं छापूनही आलं. तपासणीत त्याची गुणसूत्रं अगदी सामान्य निघाली. पण हजारात साधारण एका मुलात हे जादा गुणसूत्र असतं आणि त्यांच्यातले बहुतेक जण साधं, सरळ आयुष्य जगतात. त्या बातमीनं अशा किती आईबापांची झोप उडवली असेल!

मग आनुवंशिकतेचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो मी नाकारणार नाही. डेन्मार्कमध्ये चौदा हजारांहून अधिक दत्तक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. १९८४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मदाते आणि दत्तक आईवडील यांच्यापैकी कुणालाच शिक्षा झालेली नव्हती, अशा मुलग्यांपैकी १३.५ टक्के पुढे दोषी ठरले. फक्त जन्मदात्यांना शिक्षा झाली होती, तिथे हा आकडा २० टक्के होता. फरक खरा आहे. पण हेच उलटं वाचून बघा: ‘तसलं रक्त’ असलेल्या शंभरातल्या ऐंशी मुलांच्या नावावर एकही गुन्हा नाही. शिवाय हा संबंध चोरीसारख्या गुन्ह्यांत दिसला, हिंसक गुन्ह्यांत नाही. म्हणजे आमच्या खोलीतला निष्कर्ष या आकड्यांवरही टिकत नाही.

मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचं काम. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. मेंदूतली काही रसायनं मोडणारं एमएओए नावाचं एक विकर असतं. २००२ मध्ये या प्रकल्पातले संशोधक कॅस्पी, मॉफिट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या विकराचं जनुक कमी सक्रिय असलेले जे मुलगे लहानपणी मारहाण, छळ सोसून मोठे झाले, त्यांच्यात हिंसक वागणं जास्त दिसलं. तेच जनुक असूनही ज्यांना नीट वाढवलं गेलं, त्यांच्यात ते तसं वाढलेलं नव्हतं. नंतरच्या पडताळण्यांत हा संबंध कधी ठळक दिसला, कधी फिका. तरी मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण जनुक आपल्या हातात नाही, पण घरातला पट्टा कुणाच्या तरी हातात असतोच.

मार खाल्लेल्या मुलाच्या मनात काय घडतं, यावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी बरंच काम केलं आहे. मधल्या सुट्टीत धक्का लागला तर इतर मुलांना वाटतं, चुकून लागला. या मुलाला वाटतं, मुद्दाम मारला. त्याच्या घरी धक्का चुकून लागतच नसतो, म्हणून तो आधीच हात उचलतो. आम्ही त्याला माजोरडा म्हणतो. खरं तर तो घाबरलेला असतो, असं मला मनापासून वाटतं. ज्याचं डोकं फुटलं त्या मुलाची वेदना यानं कमी होत नाही. त्याच्या आईचा संतापही योग्यच आहे.

मॉफिट यांनी १९९३ मध्येच मांडलं होतं की किशोरवयात नियम मोडणारी बहुतेक मुलं मोठी झाल्यावर आपोआप सुधारतात. आयुष्यभर तसेच राहणारे थोडे. कोवळ्या वयात चिकटवलेला शिक्का मात्र परतीची वाट बुजवू शकतो.

या मुलाचे वडील कुठे आहेत ते आमच्या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. त्याला घरी कोण मारतं, रात्री तो झोपतो का, लहानपणी कधी डोक्यावर पडला होता का, यातलं त्या दोन्ही वेळी कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. सोमवारी पहिल्या तासानंतर मी त्याला भेटणार आहे.