'एसीत बसून' लिहिणाऱ्याचं उत्तर

मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या रेशनमध्ये तिथली कुटकी, सावा ही भरड धान्यंही द्यावीत, या माझ्या लेखाखाली 'स्पष्टवक्ता' या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. तिचा सारांश असा: सोलापुरात एसीत बसून कोरकूंच्या ताटात काय असावं हे ठरवणं सोपं आहे, कुटकी कांडायची कुणी, बायांनीच ना, गहू-तांदूळ फुकट मिळतोय, त्यात वाईट काय, आणि लेख फार लांबलाय.

शेवटचं मान्य. रस्त्यांवरचा मधला भाग गाळला असता तरी चाललं असतं.

पण एसीत बसून? अहो, आमच्याकडं कूलर आहे, आणि तोही नळाला पाणी आलं तर चालतो. सोलापूरचं पाणी किती दिवसांआड येतं ते इथल्या कुणालाही विचारा.

माझी आई 1972च्या दुष्काळात सांगोल्याकडं खडी फोडायला होती. तेव्हा परदेशातून आलेली मिलो वाटली गेली. लाल ज्वारी, पिठाला विरी म्हणजे चिकटपणा म्हणून नाही. थापताना काठाला चिरा पडायच्या, उचलून तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे दोन तुकडे. मालदांडी ज्वारी खाऊन वाढलेली माणसं ती. त्या धान्यावर जगली, हे आईही नाकारत नाही. पण मिलोचं नाव निघालं की अजून तोंड फिरवते. तेव्हा 'मिळतंय ते खा' हे भुकेल्या माणसाला कसं ऐकू येतं, ते मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

दुसरं म्हणजे, नोकरीची सुरुवातीची वर्षं मी मेळघाटातल्याच धारणी तालुक्यात काढली आहेत. लेखात लिहिलं नाही, कारण मिरवायची सवय नाही. आषाढ-श्रावणात घरातली कणगी रिकामी, नवं पीक अजून शेतात, आणि नाल्याला पूर आला की धान्याची गाडी अलीकडच्याच गावात उभी. गहू पोचला तरी गिरणी नाल्यापलीकडं. म्हणजे गहूसुद्धा आयता पोटात जात नाही, साहेब.

आणि भरड धान्य हे माझं शहरी खूळ वाटत असेल, तर 2013चा अन्नसुरक्षा कायदा काढून बघा. तांदूळ 3 रुपये, गहू 2 आणि भरड धान्य 1 रुपया किलो, हे दर त्यातलेच होते; फुकट झालं ते 2023पासून. माझं मागणं एवढंच की त्या भरड धान्यात तिथली कुटकी आणि सावा धरा, आणि गावातच विकत घेऊन पावसाआधी गावातच साठवा.

कांडपासाठी यंत्रं निघाली आहेत, तो वेगळा विषय. गहू-तांदूळ वाईट असं मी कुठंही म्हटलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. म्हणजे, एकदा तरी वाचा.

तुमची प्रतिक्रिया उडवत नाही, राहू दे. फक्त पुढच्या वेळी स्वतःच्या नावानं लिहा.